माहितीपट : पाहावा कसा आणि आपला काढावा कसा



हंगामापूर्वी कारखान्याच्या जुन्या स्टोअरची झाडलोट चालू असताना मागल्या फडताळात पत्र्याचा एक गोल डबा सापडला. झाकणावर तांबड्या रंगाने 'रौप्यमहोत्सव' असे लिहिलेले. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी आपल्या कारखान्याला पंचवीस वर्षे झाली, त्या वेळी काढलेली फिल्म. मोठ्या उत्सुकतेने झाकण काढले, तो शिरक्याचा झणका नाकात शिरला. उसाच्या रसाचा शिरका आपल्या लोकांना नवा नाही. आम्हाला वाटले, कोणी बाटली सांडली असेल. पण वास फिल्मचाच होता. फिल्म आकसली होती, वेटोळी एकमेकांना चिकटली होती आणि उलगडायला गेलो की तुकडे पडत होते.

जाणकारांना दाखवल्यावर उलगडा झाला. त्या काळची फिल्म ज्या पदार्थावर बनवीत, तो उष्ण आणि दमट जागेत राहिला की हळूहळू त्यातून अॅसेटिक आम्ल सुटू लागते. शिरक्यात असते तेच हे आम्ल. एकदा ही क्रिया सुरू झाली की सुटलेले आम्लच पुढची नासाडी वाढवते. आपल्या स्टोअरचे पत्रे उन्हाळ्यात किती तापतात आणि पावसाळ्यात किती गळतात, हे सांगायला नको. दोष कोणा एकाचा नाही, आपल्या सर्वांचा आहे. डबा कपाटात ठेवला म्हणजे जपला, असे आपण समजलो.

त्या फिल्ममध्ये काय होते? ज्यांनी ती पाहिली होती त्यांना विचारले. पाहुण्यांचे आगमन, हारतुरे, भाषणे हे होतेच. पण मध्ये मिनिटभर वजनकाट्यापुढची बैलगाड्यांची रांग होती. भाषणे गेली म्हणून कोणी हळहळले नाही. एक वयोवृद्ध सभासद मात्र डब्याकडे बघत म्हणाले, "त्या रांगेत तिसऱ्या गाडीवर माझा बाप होता. त्याचा दुसरा फोटो घरात नाही."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहीत आहोत.

माहितीपट म्हणजे काय?

आपण ज्याला पिक्चर म्हणतो त्यात कथा रचलेली असते आणि नट ती वठवतात. माहितीपटात खरी माणसे, खरी जागा आणि खरे काम असते. जुने लोक त्याला 'डॉक्युमेंटरी' म्हणत, काही 'अनुबोधपट' म्हणत. विषय इतिहासाचा असो, लोककलेचा असो की एखाद्या गावच्या पाण्याचा, जे आहे किंवा होते ते दाखवायचे, हे त्याचे काम.

हा प्रकार परदेशातून आला आणि आपल्याकडे पुढे मागे रुळला, असा समज असेल तर तो सोडावा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. मुंबईतील एक मराठी छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावे दादा म्हणत, त्यांनी हा नवा चमत्कार पाहून विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी पहिले चित्रण केले ते कशाचे? मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये लावलेल्या कुस्तीचे! पुढे १९०१ मध्ये केंब्रिजची गणिताची परीक्षा गाजवून रँग्लर परांजपे मुंबईस उतरले, त्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. म्हणजे आपल्या देशातल्या माहितीपटाची सुरुवात तांबड्या मातीतल्या मराठी खेळाने झाली.

दुसरे उदाहरण तर थेट शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र शिकून आले. मोठा चित्रपट काढायला पैसा हवा, आणि पैसेवाल्याचा विश्वास बसेना. तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला. कॅमेरा समोर ठेवून रोज थोडे थोडे चित्र घेत गेले. कोंब वर आला, पाने फुटली, वेल वाढला. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत दिसू लागली. या 'अंकुराची वाढ'ने पाहणारे थक्क झाले आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. आपण बांधावर उभे राहून रोज पाहतो तीच गोष्ट, पण रोज पाहतो म्हणूनच नजरेतून सुटते. ती परत नजरेस आणून देणे ही माहितीपटाची खरी ताकद.

दुर्दैव असे की ती कुस्ती आज पाहायला मिळत नाही, आणि तो वाटाण्याचा वेलही नाही. 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच शिल्लक आहे. थोरामोठ्यांच्या फिल्मची ही गत, मग आपल्या डब्याचे काय घेऊन बसलात!

पडद्यावर शेतकरी, आवाज दुसऱ्याचा

पन्नाशी ओलांडलेल्या सभासदांना तालुक्याच्या टॉकीजमधले ते दिवस आठवत असतील. पिक्चर सुरू होण्याआधी सरकारी फिल्म लागायची. धरण, कालवा, देवीची लस, एखादे लोकनृत्य, एखाद्या कारागिराचे काम. बरेच लोक तेवढ्यात बाहेर उभे राहून बिडी ओढून घेत. या फिल्म काढणारी संस्था म्हणजे मुंबईची फिल्म्स डिव्हिजन. तिची स्थापना १९४८ सालची. टॉकीजवाल्यांना या फिल्म दाखवणे परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते, आणि एकच फिल्म देशातल्या अनेक भाषांत निघत असे. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुंबईत पेडर रोडवर तिच्या आवारात २०१९ पासून भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले आहे. मुंबईस गेलात तर मुलाबाळांना दाखवावे असे ठिकाण आहे.

त्या फिल्मचे उपकार विसरता येणार नाहीत. आज नाहीसे झालेले कितीतरी कलावंत, जत्रा, बाजार आणि धंदे त्यांच्यामुळेच डोळ्यांनी पाहता येतात. पण एक गोष्ट तेव्हाही खटके. पडद्यावर शेतकरी नांगर धरी, त्याची बायको लावणी करी, पण दोघांच्या तोंडून शब्द निघत नसे. बोलत असे तो एक भारदस्त आवाज. 'शेतकरी आता सुखी आहे' हे त्या आवाजाने सांगायचे. शेतकऱ्याला कोणी विचारायचे नाही.

याला एक कारण यंत्राचे होते. तेव्हाचा कॅमेरा अवजड, आणि चित्र घेताना त्याच क्षणी माणसाचे बोलणे टिपायचे साधन महाग. म्हणून आधी मुके चित्रण करायचे आणि निवेदन नंतर चढवायचे, ही रीत पडली. पण कारण फक्त यंत्राचे नव्हते, वृत्तीचेही होते. कारण त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये 'आय अॅम ट्वेंटी' ही फिल्म काढली. १९४७ साली जन्मलेली, म्हणजे देशाबरोबर वाढलेली पोरे-पोरी गाठून त्यांनाच विचारले, की बाबांनो, तुम्हाला या देशाविषयी काय वाटते? कोणी अभिमानाने बोलले, कोणी स्पष्ट तोंडावर कडू बोलले. दोन्ही ठेवले. ती फिल्म आजही ताजी वाटते, ती याचमुळे.

खेडा जिल्ह्याने काय केले?

आता आपल्या भावकीतले एक उदाहरण पाहू. गुजरातमधील खेडा जिल्हा म्हणजे सहकारी दूधधंद्याचे माहेर. १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने तेथे दूध उत्पादकांचा संघ उभा राहिला, तोच पुढे अमूल म्हणून जगभर माहीत झाला.

१९७५-७६ मध्ये आपल्या देशात उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा एक वर्षाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवले होते. त्याच सुमारास खेडा जिल्ह्यातल्या पीज या गावी एक छोटे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. त्याचे कार्यक्रम अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील मंडळी तयार करीत. जिल्ह्यातल्या सुमारे चारशे गावांत सार्वजनिक संच होते आणि त्यांतले बरेचसे दूध सोसायटीच्या जागेत. दूध घालायला लोक येतच असत. तेच प्रेक्षक.

विशेष काय? कार्यक्रम दिल्लीहून आलेला नव्हता. भाषा पुस्तकी गुजराती नव्हती, त्या भागातली चरोतरी बोली होती. कार्यक्रम करणारे आधी गावात जाऊन विचारपूस करीत, मग चित्रण करीत आणि दाखवल्यावर लोकांना काय कळले, काय पटले नाही, हेही तपासत. मालिकांत गावचीच माणसे कामे करीत. हुंडा, विधवेचे लग्न, शेतमजुराची मजुरी, असल्या अडचणीच्या विषयांना हात घातला गेला. 'दाद फरियाद' नावाच्या कार्यक्रमात तर गावकऱ्यांची तक्रार आणि संबंधित अधिकाऱ्याचे उत्तर समोरासमोर यायचे. कॅमेऱ्यापुढे "बघतो, करतो" म्हणून सुटका होणे अवघड, हे आपल्यालाही समजते! या उपक्रमाला १९८०च्या दशकात युनेस्कोचा ग्रामीण संवादाचा पुरस्कार मिळाला. त्याच दशकात, मोठी प्रक्षेपण केंद्रे आल्यावर, पीजचे केंद्र बंद करण्यात आले. लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तो व्यर्थ गेला.

त्याच दूध संघांचा दुसरा पराक्रम सर्वांना ठाऊक आहे. श्याम बेनेगल यांनी आधी दूधधंद्यावर माहितीपट काढले. त्या कामातून एक कथापट काढावा असे ठरले. पैसा कोठून आणायचा? गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. पाच लाख गुणिले दोन, म्हणजे दहा लाख. १९७६ मध्ये 'मंथन' निघाला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि भूमिकांत स्मिता पाटील. २०२४ मध्ये हा चित्रपट नव्याने दुरुस्त करून फ्रान्समधील कान महोत्सवात दाखवला गेला. दोन रुपयांचे मालक आपला पिक्चर बघायला ट्रक भरभरून गेले, असे तेव्हाचे लोक सांगतात. उसाच्या बिलातून कपात म्हटले की आपण आठ्या घालतो. पण कपात कशासाठी, हे पटले तर शेतकरी देतो, हा त्यातला धडा.

पाहताना फसू नये म्हणून

माहितीपट म्हणजे सगळे खरेच, असे मात्र समजू नका. जगात गाजलेला 'नानूक' हा माहितीपट १९२२ सालचा. उत्तर कॅनडातील बर्फाळ प्रदेशातल्या इन्युइट लोकांच्या जीवनावर रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी तो काढला. बर्फाच्या घरात आत उजेड पुरेना, म्हणून चित्रणासाठी एक बाजू उघडे ठेवलेले घर बांधले. ते लोक तोवर बंदुकीने शिकार करू लागले होते, तरी पडद्यावर जुना भालाच दाखवला. नायकाचे खरे नावसुद्धा वेगळे होते. फिल्म सुंदर आहे यात वाद नाही, पण 'हे लोक असेच राहतात' असे मानणारा प्रेक्षक फसला.

म्हणून टीव्हीवर किंवा मोबाइलवर इतिहासाचा, संस्कृतीचा कार्यक्रम बघताना चार प्रश्न मनात ठेवावेत. पैसा कोणी दिला? बोलते कोण? जे सांगितले त्याला कागद, फोटो, साक्षीदार काही दाखवला का? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : यात कोण दिसतच नाही?

हा चौथा प्रश्न आपल्याच अंगणात विचारून पाहू. उद्या आपल्या कारखान्याचा माहितीपट निघाला तर काय दिसेल? चेअरमन, संचालक, मोळीपूजन, गव्हाणीत पडणारा ऊस, चकाकणारी यंत्रे, साखरेच्या पोत्यांची थप्पी. आणि काय राहील? पहाटे थंडीत कोयता घेऊन फडात उतरणारी टोळी राहील. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई राहील. कोपीत जन्मलेले आणि त्यामुळे शाळा बुडालेले पोर राहील. कांड्या लावणाऱ्या, खुरपणाऱ्या आपल्या घरच्या बाया राहतील. सात-बारावर त्यांचे नाव नाही, म्हणून शेअरवरही नाही, म्हणून फिल्ममध्येही नाही! ऊस आपला हे खरे, पण तो गव्हाणीपर्यंत पोचतो तो या सर्वांच्या हाताने. त्यांना वगळून काढलेली फिल्म आपल्या रौप्यमहोत्सवी भाषणांसारखी होईल. गेली तरी कोणी हळहळणार नाही.

बायांचा आवाज टिपण्याचे एक थोर काम आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. जाती गेली, गिरण्या आल्या, पण ओव्या राहिल्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहावर इंटरनेटवरून ऐकता-वाचता येतात, काही गाणाऱ्या बायांच्या चित्रणासह. त्या गोळा करताना मोठी यंत्रसामग्री लागली नाही. जाऊन बसायला आणि ऐकून घ्यायला वेळ काढला, इतकेच.

आता आपण काय करायचे?

पहिल्या गळिताच्या वेळी जे पंधरा-वीस वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. दरवर्षी वार्षिक सभेत आपण श्रद्धांजलीचा ठराव करतो आणि दरवर्षी त्यात अशी नावे असतात. प्रत्येक नावाबरोबर एक फिल्म न काढताच जाते. म्हणून आम्ही असे सुचवतो की घरोघरच्या शिकल्या पोरांनी ही जबाबदारी घ्यावी. फिल्म्स डिव्हिजनकडे तेव्हा नव्हते ते साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम टिपले जातात.

काही सोप्या गोष्टी सांभाळाव्यात :

१. मोबाइल आडवा धरावा आणि कशावर तरी टेकवावा. म्हाताऱ्या माणसाचे तोंड उजेडाकडे असावे, खिडकी त्याच्या पाठीमागे नको.

२. पंखा, टीव्ही बंद करावा. मोबाइल दोन-तीन हातांवर ठेवावा. चित्र थोडे कमी-जास्त झाले तर चालते, बोलणे ऐकू आले नाही तर सगळे फुकट.

३. सुरुवातीला नाव, गाव, वय आणि तारीख त्यांच्याच तोंडून बोलून घ्यावी. कशासाठी बोलतो आहोत हे सांगावे आणि परवानगी घ्यावी. नको म्हणाले तर आग्रह धरू नये.

४. "जुन्या काळाबद्दल सांगा" असे मोघम विचारू नये. पहिल्या शेअरचे पैसे कसे उभे केले, म्हैस विकली की डोरले मोडले? गाडी नंबराला लागल्यावर रात्र कोठे काढली? १९७२च्या दुष्काळात घरात काय शिजत होते? पहिले बिल हाती पडले तेव्हा काय आणले? असे विचारले की आठवणी आपोआप निघतात.

५. आजीला आजोबांच्या समोर विचारू नये, वेगळे बसवून विचारावे. नाहीतर सगळी उत्तरे आजोबाच देतात!

६. मध्ये बोलू नये, चूक काढू नये. गप्प बसले तर आपणही गप्प बसावे. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्यानंतरच येते.

७. मोबाइलमध्ये ठेवले म्हणजे जपले असे समजू नये. तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. फिल्मचे डबे, कॅसेट घरात असतील तर पत्र्याखाली नकोत, थंड आणि कोरड्या जागी ठेवावेत. शिरक्याचा वास येऊ लागला असेल तर वाट न बघता जाणकारास दाखवावेत.

हे चित्रण ज्याच्या घरचे, त्याच्याच मालकीचे राहील. ज्यांना एक प्रत कारखान्याच्या वाचनालयात ठेवावीशी वाटेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात शेतकी मदतनीसाकडे नाव द्यावे. चांगले बोलणे तेवढेच द्यावे असे नाही. कारखान्याचे चुकले असेल, काट्यावर वाद झाला असेल, बिल थकले असेल, तेही येऊ द्या. यंदा टोळ्या आल्या की मुकादमांशी बोलून ऊसतोड कामगारांच्या आठवणीही त्यांच्या संमतीने टिपाव्यात, असा आमचा विचार आहे. ज्यांच्या शेतात टोळी उतरेल त्या सभासदांनी यात हात द्यावा.

त्या डब्यातली गाड्यांची रांग आता परत येणार नाही. पण तिसऱ्या गाडीवरच्या गड्याचा मुलगा आज आपल्यात आहे, आणि बाप गाडीवर कसा बसायचा, बैलांची नावे काय होती, रात्री काट्यापुढे शेकोटीला कोण कोण असायचे, हे त्यांना सगळे आठवते. आमचे पहिले चित्रण त्यांच्याच ओसरीवर होणार आहे. दुसरे आपल्या घरी व्हावे.